काचेच्या कपाटातला आपला वीर

मोठेबा,

तुमच्या तेरवीला जेवायला आलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल फार चांगलं बोलून ठेवलं आहे. तुम्ही ऐकलं असतं तर हातातला घास तसाच धरून विचारलं असतं, "काहून बे? आज एवढं गोड काहून? यायले काय पाह्यजे?" पंगतीत वाढताना तो आवाज मला इतका स्पष्ट आला की वरणाची पळी हातातच राहिली. माय म्हणाली, "वाढ ना, काय पाह्यतं?" तिला काय सांगू?

तुमचा विश्वास कशावरच नसे. नारळ घ्यायचा तर आधी कानाशी हलवायचा, नखानं खरवडायचा, आणि मग दुकानदाराच्या तोंडाकडे पाहायचं. यस्टीचं तिकीट तुम्ही उन्हात धरून तपासायचे. वाचता येत नव्हतं, तरी तपासायचे. मी अमरावतीला कॉलेजात आलो तेव्हा खोली पाहायला तुम्हीच सोबत आला होता. कुलूप ओढून पाहिलं, खाटेचे पाय हलवले, आणि घरमालकांना विचारलं, "याच्या आंधीचा पोट्टा काहून गेला?" ते बिचारे म्हणाले, परीक्षा पास झाला म्हणून गेला. बाहेर आल्यावर तुम्ही मला म्हणालात, "पाह्यलं? उत्तर तयार होतं त्याच्यापाशी."

पण मी कॉलेजात गेलो तो तुमच्यामुळेच. बाबांचं मन नव्हतं. झेंडूचे वाफे कोण पाहील, शेवंती कोण खुडील, हे त्यांचे प्रश्न. तुम्ही धाकट्या भावाला म्हणालात, "जाऊ दे त्याले, लहान्या. उद्या कोणी कागद पुढं केला अन् म्हणलं लाव अंगठा, तं घरात वाचणारं एक तं पाह्यजे." आपल्या घराण्यात कोणी पहिल्यांदा कॉलेजची पायरी चढला तो असा, तुमच्या संशयावर बसून. यासाठी तुमचे आभार मानायचे होते. राहून गेलं. मानले असते तर तुम्ही त्यातही काही शोधलं असतंच.

आता जे लिहायचं आहे ते लिहितो. ते सोपं नाही.

आपल्या देव्हाऱ्यात चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेले टाक होते. देवीचा, खंडोबाचा, आणि घोड्यावर बसलेला एक वीर. हा वीर म्हणजे आजोबांचे चुलते, लग्नाआधीच गेलेले. आपल्यात असं कोणी मागे लेकरू न ठेवता गेलं की त्याचा टाक करतात आणि देवांत बसवतात, म्हणजे त्याला घर मिळतं. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं की आपल्या घरात सगळे बैलांमागे चालले, मग याला घोडा कुठून आला? तुम्ही म्हणालात, "जित्तेपनी नाही भेटत, बाबू. मेल्यावर भेटते घोडा."

ते टाक झिजले. नाकडोळे सपाट झाले. घरात नवे टाक बसले आणि रीतीप्रमाणे जुने नदीत सोडायचे ठरले. तुम्ही थोरले, म्हणून तो मान तुमचा. कार्तिकात वर्धा नदीकाठी कौंडण्यपूरची जत्रा भरते तेव्हा तुम्ही ते लाल फडक्यात बांधून एकटेच गेलात. बाबांना ताप होता. तुम्ही परतलात, पण यायला हवं होतं त्यापेक्षा उशिरा. काही दिवसांनी बाजारात कोणीतरी बाबांच्या कानात सांगितलं की तुम्ही अकोल्याला दिसला होता, सराफ्यात. कौंडण्यपूर उगवतीला आणि अकोला मावळतीकडे. वाट चुकून कोणी तिकडे जात नाही.

बाबांनी विचारलं. मी तेव्हा ओट्यावर पाटी घेऊन बसलो होतो, म्हणून मला ती दोन्ही वाक्यं आठवतात.

"दादा, पाण्यात सोडले ना?"

"मले इचारतं?"

एवढंच. तुम्ही हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. एका मळ्यात राबलात, एका चुलीवरचं खाल्लं, एका टोपलीचे दोन कान धरून फुलं बाजारात नेलीत. पण त्यानंतर बाबांनी तुमच्या हातात देव दिला नाही. दसऱ्याला देव उजळायचे ते बाबाच उजळत. तुम्ही दारात उभे राहून पाहत असा, आणि चिंच कालवून देत असा. चिंच चालत होती, देव नाही. जगातल्या प्रत्येकावर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःवरचा एक संशय इतका कसा लागावा, हे मला कधीच कळलं नाही. एक शब्द बोलले असतात तर? निदान रागावले तरी असतात?

मागच्या हिवाळ्यात तुम्ही फुलं घेऊन अमरावतीला आला होता. फुलं सकाळीच खपली, परतीची गाडी दुपारची होती. मी म्हणालो, चला, तुम्हाला संग्रहालय दाखवतो. तिथल्याच एका वकीलसाहेबांनी जन्मभर जमवलेल्या जुन्या वस्तू त्यांच्या बंगल्यामागच्या लांब दालनात मांडल्या आहेत, आणि चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर, ठोसर त्यांचं नाव, तिथे देखरेख करतात. आमच्या इतिहासाच्या सरांनी आम्हा मुलांना तिथे नेलं होतं. मला ते सगळं तुम्हाला दाखवायचं होतं. खरं सांगायचं तर, मला काही कळतं हे दाखवायचं होतं.

दारातच खोळंबा. मास्तर म्हणाले, "जोडे बाहेर काढा." तुम्ही चपला काढल्यात आणि काखोटीला मारल्यात.

"तिथेच ठेवा हो, कोणी नेत नाही."

"तसं नाही मास्तर," तुम्ही म्हणालात. "इथं ठिवल्या तं उद्या कपाटात दिसतीन. कोण्या राजाच्या म्हणून."

मास्तर हसले नाहीत.  पुढे तर तुम्हाला ऊतच आला. पेंढा भरलेल्या अस्वलाला तुम्ही म्हणालात, "याले मारलं कोणं, ते लिवलं हाय. मेलं कायले, ते नाही लिवलं." बरणीतल्या दोन तोंडांच्या सापाकडे वाकून बराच वेळ पाहिलंत आणि निकाल दिलात, "शिवला हाय." तोफेचे गोळे, गंजलेली कुलपं, हत्तीच्या गळ्यातली घंटा, उकरून काढलेली काळी-तांबडी मडकी, दगड झालेल्या शंखशिंपल्या, हस्तिदंती फणी. मी चिठ्ठ्या वाचून दाखवायचो आणि तुम्ही प्रत्येक वस्तूपुढे एकच विचारायचे, "हे कोणाचं होतं? अन् त्यानं देल्लं, का यायनं नेलं?"

मी म्हणालो, "मोठेबा, हा इतिहास आहे."

"असन. पण कोणाच्या घरचा?"

 हे सरांना विचारावं असं कितीदा मनात आलं, पण वर्गात उठून असं विचारायला जीभ उचलत नाही.

मग ते कोपऱ्यातलं कपाट आलं. निळ्या मखमलीवर देवांचे टाक टाचून ठेवलेले. मी चिठ्ठी वाचू लागलो आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. तो हात जड होता.

"थांब. हा आपला वीर हाय."

मला आधी वाटलं, ही तुमची आणखी एक थट्टा. मग तुमचा चेहरा पाहिला. चपला काखेतून खाली पडल्या होत्या आणि तुम्हाला त्याची शुद्ध नव्हती.

मी कॉलेजात पुरावा हा शब्द शिकलो होतो. हळूच म्हणालो, "मोठेबा, सोनाराच्या ठशावर पत्रा ठोकून टाक करतात. एका ठशाचे शंभर वीर निघतात. हा आपलाच कशावरून?"

"कोपरा पाह्य."

डाव्या खालच्या कोपऱ्यात दोन बारीक खळगे होते, शेजारी शेजारी.

"तुह्या बापाचे दात," तुम्ही म्हणालात. "दुधाचे. रांगत रांगत गेला देव्हाऱ्यात अन् वीर उचलून तोंडात घातला. मी ओरडलो, देव उष्टा केला! तं मायनं त्याले नाही, मलेच हाणलं. म्हणे, लेकराचं तोंड उष्टं नसते, तू पाह्यत काय होता?" आणि तुम्ही हसलात. काचेवर तुमचा श्वास धरला होता. तो तुम्ही बाहीनं पुसलात.

मग तुम्ही मास्तरांना हाक मारली. तुमचे शब्द मला नीट आठवतात, कारण पुढे मी ते पुन्हा पुन्हा उलटून पाहिले आहेत. तुम्ही विचारलंत, "हा नदीतून भेटला ना तुमाले? वर्धा नदीतून?"

मास्तर म्हणाले, "हो, असेल. पाणी उतरलं की भोई लोक पात्रातून काय काय आणून देतात."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. नुसतं पाहिलंत. मला वाटलं, आता तुम्ही तो मागून घ्याल, भांडाल. पाण्यात सोडलेला देव कोणी बाहेर काढतो का, म्हणून मास्तरांचा उद्धार कराल. तुम्ही म्हणालात, "राहू द्या तिथंच. पाण्यात कोणाले दिसत नव्हता. इथं दिसते तरी."

यस्टी स्टँडवर आपलं भांडण झालं. तेच आपलं शेवटचं भांडण, आणि ते अर्धंच राहिलं आहे.

मी म्हणालो, "बाबांना सांगा. उद्याच घेऊन या. एकदाचं फिटेल."

"त्यानं इचारलं तं दाखवीन."

"ते नाही विचारणार."

"तं नाही दाखवणार."

"पण मोठेबा, खरं असेल तर सांगायला काय हरकत आहे?"

 "खरं असन तं?" तुम्ही म्हणालात. "तू बी?" आणि गाडीत चढून, जागा असूनही, दांडा धरून उभे राहिलात. माझ्याकडे पाठ करून.

मोठेबा, मी तसं म्हणालो नव्हतो. पण तुम्ही ऐकलंत ते चुकीचंही नव्हतं.

कारण मी पुन्हा तिथे गेलो, एकटा. त्या कपाटापुढे उभा राहिलो आणि मास्तरांना सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे टाक कुठून आले?" नदीचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "हे ना? वकीलसाहेबांनी बहुतेक अकोल्याला घेतले. सराफ मोडीत काढायच्या आधी त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचे." मी म्हणालो, "तुम्ही तर भोयांनी आणले म्हणालात." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणालो असेन. त्या दिवशी त्या गृहस्थांनीच नदी म्हटलं ना? इतक्या वस्तू आहेत बाबा, कोणती कुठली, साहेबांनाच ठाऊक. आणि साहेब गेले."

अकोला.

तेव्हापासून माझ्या मनात जे सुरू झालं ते तुम्हाला कळलं असतं, कारण तुमचं मन तसंच चालायचं. नदी आधी तुम्ही म्हणालात. मास्तरांनी फक्त री ओढली. मग तुम्हाला नदीचं नाव मास्तरांच्या तोंडी घालायचं होतं का? आणि ते दात? आधी खळगे दिसले आणि मग गोष्ट आठवली, की गोष्ट मनात होती म्हणून कोपरा पाहिलात? मखमलीवर टाचताना हातोडीनंही असे खळगे पडत असतील. बरं, टाक आपलाच, आणि आला अकोल्याहून, तर मग काय? की तुम्ही तो खरंच पाण्यात सोडलात आणि भोयानं काढून अकोल्याला नेऊन विकला? असंही होऊ शकतं. सगळंच होऊ शकतं. मी मास्तरांवर संशय घेतला, वकीलसाहेबांवर घेतला, बाजारातल्या त्या कानात सांगणाऱ्यावर घेतला. शेवटी फिरून तुमच्यापाशीच यायचो. आणि दर वेळी तुम्ही दारात उभे, हातात कालवलेली चिंच.

मला तुम्हाला एवढंच विचारायचं होतं: अकोल्याला कशाला गेला होता? दिवाळीला घरी आलो तेव्हा ओठांवर आलं होतं. तुम्ही शेवंतीच्या वाफ्यात उकिडवे बसून पानं उलटून कीड पाहत होता. मला म्हणालात, "काय कालेजवाले, काय म्हणते तुमचं अस्वल?" आणि मी म्हणालो, "बरं आहे." विचारलं असतं तर तुम्ही बाबांना दिलंत तेच उत्तर मला मिळालं असतं. ते ऐकण्यापेक्षा न विचारलेलं बरं वाटलं.

तेरवी झाल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. वीर, कपाट, कोपरा, नदी. अकोलाही सांगितलं. लपवलं असतं तर ते तुम्हाला बरं वाटलं नसतं असं मला वाटलं, किंवा तसं मी ठरवून घेतलं. बाबा सुतळी वळत होते. वळतच राहिले.

पुढच्या आठवड्यात फुलं घेऊन तेच अमरावतीला आले. बाजार आटोपल्यावर काही न बोलता माझ्यासोबत चालू लागले. संग्रहालयाच्या दारात मास्तर म्हणाले, "जोडे बाहेर काढा." बाबांनी चपला काढल्या आणि काखेत धरल्या. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

अस्वलापाशी ते थांबले नाहीत. सापापाशी थांबले नाहीत. कपाट मी दाखवलं. बाबा त्याच्यापुढे ताठ उभे राहिले. तुम्हाला माहीत आहे, चष्म्याशिवाय त्यांना शेवंतीतली गुलदावदी ओळखू येत नाही. चष्मा खिशात होता. खिशाला त्याचा उंचवटा दिसत होता.

"हाय," ते म्हणाले.

"बाबा, चष्मा लावा. कोपरा पाहा, खाली, डाव्या हाताला."

"कायले?"

"दात आहेत का तुमचे ते पाहा ना. म्हणजे कळेल."

"काय कयन?" बाबा म्हणाले. "हाय म्हणलं ना."

त्यांनी काचेला हात लावून तो कपाळाला लावला आणि वळले. मी मागे राहिलो. वाकून पुन्हा कोपरा पाहिला. दोन खळगे. दात म्हटलं तर दात, खिळा म्हटलं तर खिळा. बाबांनी मान्य केलं ते विश्वास बसला म्हणून, की तुम्ही नाहीत म्हणून? की इतक्या वर्षांत त्यांनी तुम्हाला एकदाच, आणि तेही संशयानं विचारलं, त्याचं हे उत्तर होतं? मला ठाऊक नाही. मी त्यांना विचारलं नाही. आपल्या घरात न विचारण्याची जी सवय आहे, ती मला कॉलेजनंही सोडवली नाही.

तुम्हीही लग्नाविना गेलात. म्हणून अंजनगावच्या सोनाराकडे तुमचा टाक करायला टाकला. त्यानं ठशावर पत्रा ठेवला आणि ठोकला. घोडा उठला, त्यावर पागोटं घातलेला माणूस उठला. मी निरखून पाहिलं. तुमच्यासारखा मुळीच दिसत नाही. शेजारी आणखी कोणाचा वीर पडला होता, हुबेहूब तसाच. पण घोडा मिळाला, मोठेबा. जन्मभर यस्टीत उभे राहिलात, आता बसून जा.

काल तो घरी आला. मायनं देव्हारा सारवून पाट मांडला होता, ताम्हनात हळदीकुंकू, झेंडूची फुलं. तुमच्या हातची शेवटची लागवड आहे ती, बाबांनी स्वतः खुडून आणली. मी टाक पुढे केला. बाबांनी तो घेतला, आज चष्मा लावून उलटसुलट पाहिला, नखानं कडा चाचपली. मला वाटलं, चांदीचा कस पाहत असतील, तुमच्यासारखा.

मग त्यांनी तो तोंडाशी नेला आणि डावा कोपरा दाढेखाली धरून जोरात चावला.

"अवो!" माय ओरडली. "देव उष्टा केला तुमी!"

बाबांनी टाक धोतराला पुसला, खळगे बोटानं चाचपून पाहिले आणि तुम्हाला देव्हाऱ्यात बसवलं.

"लहानाचं तोंड उष्टं नसते," ते म्हणाले.